गिलाव्यातील पेंढा

महोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही विज्ञानविषयक एखादा पाठ लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची इच्छा दिसली. पाठ म्हटला की वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, हे मास्तरकीच्या इतक्या वर्षांत आम्हांस चांगलेच ठाऊक झाले आहे. सबब विषय असा घेतला आहे की त्याचा पडताळा प्रत्येक सभासदास आपल्या घराच्या भिंतीवरच घेता यावा. विषय आहे भिंतीचा गिलावा आणि त्यात मिसळावयाचे शेतातले तंतू. पेंढा, तूस, ताग, काथ्या, केळीचे सोपट यांचा भिंतीशी काय संबंध, ते येथे पाहू.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. आमली आणि आसपासच्या खेड्यांतून मातीच्या भिंतींची जुनी घरे अजून पुष्कळ आहेत. त्यांपैकी बऱ्याच घरांना अलीकडे बाहेरून सिमेंटचा गिलावा चढला. पहिल्या वर्षी घर नव्यासारखे दिसते. दोन पावसाळे गेले की गिलाव्यावर बोटाने टिचकी मारल्यास तो पोकळ वाजतो, आणि पुढच्या एखाद्या वर्षी थाळीएवढा पापुद्रा सुटून खाली येतो. मागची माती हाताला ओली लागते. घरमालक म्हणतो, मातीच वाईट. मिस्त्री म्हणतो, मालात सिमेंट कमी पडले. दर दिवाळीच्या सुमारास, पाऊस उलगडून भिंती वाळू लागल्या की, हा वाद घेऊन कोणी ना कोणी आमच्याकडे येतो. आमचे मत असे की या प्रकरणात माती निर्दोष आहे, आणि सिमेंट कमी नव्हे, जास्तच पडलेले आहे. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊन आरंभ केला पाहिजे.

चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म, पापुद्र्यांसारखे चपटे असतात. पाणी घातले की पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी उडून गेले की पापुद्रे जवळ येतात आणि माती आकसते. उन्हाळ्यात तळ्याचा तळ उघडा पडला म्हणजे त्यावर भेगांची जी जाळी दिसते, ती याच आकसण्याची. भिंतीवर लिंपलेल्या मातीची स्थिती त्याहून बिकट असते, कारण ती मागच्या बाजूने भिंतीला चिकटलेली असते. ती आकसू पाहते आणि भिंत तिला धरून ठेवते. या ओढाताणीत मातीत ताण उत्पन्न होतो. मातीचा, आणि खरे तर चुना, सिमेंट, दगड या सर्वांचाच स्वभाव असा की त्यांना दाब सोसतो, ताण सोसत नाही. ताण थोडा वाढला की तडा गेलाच.

येथे तंतूचे काम सुरू होते. तंतू तड्याला अजिबात जाऊ देत नाही, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. बारीक तडा जातोच. परंतु तड्याच्या दोन्ही ओठांत रुतून बसलेला तंतू त्यांना फाकू देत नाही, आणि तिथला ताण बाजूच्या मातीवर वाटून देतो. परिणाम असा की एका बोटभर भेगेऐवजी केसासारख्या शंभर रेषा पडतात. बोटभर भेगेतून पाणी आत शिरते, केसासारख्या रेषेतून बहुधा शिरत नाही. चांगल्या घायपाताच्या किंवा तागाच्या धाग्याची ताण सोसण्याची शक्ती तेवढ्याच जाडीच्या साध्या पोलादी तारेच्या आसपास भरते, हे सांगितल्यास कित्येकांना आश्चर्य वाटेल. फरक एवढाच की धागा पोलादापेक्षा पुष्कळ अधिक लांबतो, म्हणून सळईची जागा तो घेऊ शकत नाही.

ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. एकाच मापाच्या तीन फळ्या घ्याव्यात. पहिलीवर नुसत्या चिकणमातीचा, दुसरीवर माती आणि रेती यांचा, तिसरीवर माती, रेती आणि बोटाच्या पेराएवढा कापलेला पेंढा यांचा, असा अर्ध्या इंचाचा थर द्यावा. फळ्या सावलीत वाळू द्याव्यात. चार-पाच दिवसांनी पहिली फळी तळ्याच्या तळासारखी झालेली असेल. दुसरीवर भेगा कमी दिसतील. रेती आकसत नाही, म्हणून तिने मातीचे एकूण आकसणे कमी केले. तिसरीवर भेगा शोधाव्या लागतील. मग थराचे तुकडे सोडवून कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकावेत. पहिल्याचा चुरा होतो. तिसरा तुटला तरी त्याचे भाग पेंढ्याच्या धाग्यांनी एकमेकांना लोंबकळत राहतात. वर्गात हा शेवटचा भाग मुलांना सर्वांत जास्त आवडतो.

आता आपल्या भागाकडे वळू. दादरा व नगर हवेलीतील वारली, कोकणा, धोडिया यांच्या जुन्या घरांत भिंत म्हणजे कूड. जंगलातून कारवीच्या सरळ काठ्या आणून त्या उभ्या बांधावयाच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपावयाच्या. कारवी ही सह्याद्रीच्या उतारांवर उगवणारी झुडूपवजा वनस्पती. सात-आठ वर्षांतून एकदाच ती फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. या भिंतीत तंतू दोन ठिकाणी आहेत. कारवीच्या काठ्यांचा सांगाडा हा मोठा तंतू, आणि शेणातला चोथा हा लहान तंतू. गुराने गवत चावून, पचवून जो चोथा बाहेर टाकला, त्याइतका बारीक आणि एकसारखा तंतू कुठल्याही यंत्राशिवाय फुकट मिळणे कठीण. शिवाय शेणातील चिकट द्रव्ये मातीचे कण धरून ठेवतात. पुष्कळ ठिकाणी लिंपणात भाताचे तूसही टाकतात. तुसाच्या सालीत वाळूचेच द्रव्य, म्हणजे सिलिका, भरपूर असते. त्यामुळे ते पेंढ्यापेक्षा फार सावकाश कुजते. या कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारल्यांची चित्रे आज जगभर जातात. ज्या पृष्ठभागावर ती जन्मली त्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

मातीत तंतू घालण्याची रीत आपल्या मुलखात किती जुनी आहे याचा पुरावा औरंगाबादेजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, लेण्यांत आहे. अजिंठ्याची चित्रे दगडावर काढलेली नाहीत. खोदलेल्या खडबडीत दगडावर प्रथम मातीचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग चित्र रंगवले. त्या मातीच्या गिलाव्यात भाताचे तूस, गवत आणि इतर वनस्पतींचे तंतू आढळतात. म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरचे तूस आज तेथे पद्मपाणीच्या चित्राला धरून उभे आहे.

वेरूळची हकिकत याहून मनोरंजक आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनशास्त्रज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबाद विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या बाराव्या लेण्यातील आणि देवगिरी किल्ल्यातील गिलाव्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मातीत त्यांना भांगेच्या झाडाचे अवशेष सापडले. आपले निष्कर्ष त्यांनी 2016 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. भांगेचे नाव ऐकून कोणी हसू नये. त्या झाडाच्या सालीचा तंतू दोरखंडाच्या कामी जगभर वापरला गेलेला आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तेथे किड्यांनी चित्रांचे पुष्कळ नुकसान केले. वेरूळला भांग आहे आणि तेथे किड्यांचा तसा उपद्रव दिसत नाही. सबब किड्यांना दूर ठेवण्याचे श्रेय भांगेकडे जाते, असे या शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. अनुमान लक्षात ठेवण्याजोगे आहे. तथापि दोन्ही ठिकाणची हवा, ओल, नदीचे सान्निध्य आणि वटवाघळांची वस्ती सारखी नाही, तेव्हा सगळे श्रेय एका झाडाला देताना थोडा हात राखावा, असे आम्हांस वाटते. एक सूचना मात्र करून ठेवतो. कायद्याने भांगेच्या लागवडीवर 1985 पासून कडक निर्बंध आहेत. वेरूळचे अनुकरण कोणाला करावयाचेच असेल तर ताग आणि अंबाडी बाजारात मुबलक आहेत.

ही विद्या फक्त आपली नव्हे. मिसर देशात विटांच्या मातीत पेंढा घालण्याची चाल इतकी जुनी आहे की तौरातेतील मूसांच्या कथेत फिरऔन बनी इस्राईलचा पेंढा बंद करतो आणि विटांची संख्या मात्र तेवढीच मागतो. त्याच देशात 1940 नंतरच्या दशकात हसन फतही या स्थापत्यकाराने लक्सरजवळ नवे गुरना हे गाव पेंढामिश्रित कच्च्या विटांनी उभारले. आफ्रिकेतील माली देशात जेन्ने शहराची जामा मशीद संपूर्ण मातीची आहे. आजची इमारत 1907 साली पुरी झाली. तिच्या गिलाव्याच्या मातीत भाताचा कोंडा मिसळतात, आणि हा चिखल कित्येक दिवस आंबवून मगच भिंतीला लावतात. दरवर्षी सारे शहर जमून मशिदीला नवा हात देते. मुले चिखल तुडवतात, बायका पाणी आणतात, गवंडी भिंतीतल्या लाकडी खुंट्यांवर चढून लिंपतात. ही दुरुस्ती आहे की जत्रा, हे पाहणाऱ्यास कळत नाही.

चिखल आंबवण्याची ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या लिंपणाऱ्यांनाही माहीत होती. पेंढा आणि माती भिजवून आठ-पंधरा दिवस ठेवली, अधूनमधून तुडवली, की त्यातून वास येऊ लागतो. सूक्ष्म जंतू पेंढ्याचा मऊ भाग खातात आणि डिंकासारखी चिकट द्रव्ये मागे सोडतात. माती त्यामुळे लोण्यासारखी मऊ होते, थापीखाली नीट पसरते, आणि वाळल्यावर पाण्याला काहीशी दाद देत नाही. भिंत वाळली की वास जातो. हल्ली कंत्राटी कामात एवढे दिवस थांबण्यास कोणी तयार नसतो, आणि मग लिंपण टिकत नाही म्हणून ओरड होते.

मातीनंतर चुन्याकडे वळू. शहाबादी फरश्या आणि सिमेंट येण्यापूर्वी वाडे, मशिदी, देवळे, गढ्या या सर्वांची कामे चुन्यात झाली. चुनखडी सुमारे 900 अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो, पाणी घातले की तो फुलतो, आणि भिंतीवर गेल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. दगडी घाणीत बैलांकरवी चुना घोटताना त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी, हिरड्याचा काढा आणि तागाचे तुकडे घालीत. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत हे पदार्थ आजही वापरले जातात. यांतला ताग का, हे वर आलेच. गूळ का, याचे उत्तर पुढे सिमेंटच्या वेळी उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे. साखर असलेल्या पाण्यात चुना अधिक विरघळतो. त्यामुळे माल मऊ आणि एकजीव होतो, आणि त्याचे घट्ट होणे चांगल्या रीतीने घडते. चुन्याचा आणि गुळाचा असा स्नेह आहे.

सिमेंटचे आणि गुळाचे हाडवैर आहे. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक-दोन भाग साखर मिसळली तरी माल तासन्‌तास बसत नाही. थोडी आणखी पडली तर दिवसेंदिवस बसत नाही. उसाचे चिपाड तसेच तोडून सिमेंटच्या मालात घातले तर नेमके हेच होते. चिपाडात उरलेली साखर सिमेंटच्या कणांभोवती आवरण धरते आणि पाण्याशी त्याची जी क्रिया व्हावयाची ती अडवते. म्हणून चिपाड, केळीचे सोपट, पेंढा असे कोणतेही तंतू सिमेंटसाठी घ्यावयाचे तर ते प्रथम पाण्यात उकळून किंवा चुन्याच्या निवळीत एक दिवस भिजवून, स्वच्छ धुऊन, वाळवून घ्यावे लागतात.

एवढ्याने काम संपत नाही. सिमेंटच्या आत जे पाणी राहते ते अतिशय क्षारीय असते. साबणाच्या सोड्याने हाताची कातडी झडते, तसे हे क्षार तंतूतील लिग्निन आणि तत्सम बांधणारी द्रव्ये खातात. शिवाय तंतूच्या पोकळ नळ्यांत चुन्याचे खडे जमतात आणि लवचीक धागा काचेसारखा ठिसूळ होतो. स्वीडनमध्ये ग्राम नावाच्या संशोधकाने 1983 साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात घायपाताच्या धाग्यांचा हा ऱ्हास तपशिलाने दाखवला. त्याच सुमारास आफ्रिका, आशियातील गरीब देशांसाठी घायपात आणि काथ्या घातलेले सिमेंटचे पत्रे व कौले बनवण्याची मोठी हौस निघाली होती. पत्रे सुरुवातीस मजबूत निघाले. काही वर्षांनी धागे आतल्या आत मेले आणि पत्रे तडकू लागले. पुढे पुष्कळ ठिकाणी धाग्याचा नाद सोडून नुसत्या सिमेंट-रेतीची लहान, जाडसर कौले करण्यात आली. ही हकिकत विस्ताराने सांगण्याचे कारण असे की आज कोणी विक्रेता “सिमेंटात नैसर्गिक धागा घाला, घर पन्नास वर्षे पाहावयास नको” असे म्हणू लागला तर सभासदांनी त्यास दोन प्रश्न विचारावेत. धागा कशात धुतला? आणि मालातला क्षार कशाने मारला?

मग ताग चुन्यात शतकानुशतके कसा टिकला, असा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारील. कोवळा चुनाही तितकाच तिखट असतो, हे खरे. परंतु चुना हवेतील वायू शोषून जसजसा दगड होतो तसतसा त्याचा क्षारपणा जातो, आणि गिलाव्याचा थर पातळ असल्याने ही क्रिया आतपर्यंत पोचते. दाट सिमेंटच्या पोटात ती पोचावयास फार काळ लागतो आणि तोवर धाग्याचा निकाल लागलेला असतो. मातीत तर क्षार नाहीच. तेव्हा शेतातल्या तंतूची खरी मैत्री प्रथम मातीशी, नंतर चुन्याशी, आणि सिमेंटशी नाइलाजाची.

सिमेंटमधला क्षार मारण्याचा एक उपाय मात्र आपल्याच भातात आहे, आणि तो आम्हांस या सर्व विषयात सर्वांत मोलाचा वाटतो. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस निघते. तूस जाळले की त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते, आणि या राखेत शेकडा 85 ते 90, कधी त्याहूनही अधिक, सिलिका असते. जगात दुसरे कुठले पीक एवढी सिलिका साठवीत असेल असे वाटत नाही. ही राख सिमेंटमधील मोकळ्या चुन्याशी संयोग पावते आणि त्यातून आणखी चिकटद्रव्य तयार होते. म्हणजे एकाच दगडात दोन पक्षी : क्षार घटतो आणि माल अधिक घट्ट होतो. नुसत्या चुन्यात मिसळली तरी ही राख सुरकीचे, म्हणजे विटांच्या भुकटीचे, काम करते. अट एकच. तूस सुमारे 700 अंशांच्या आत, सावकाश जाळले पाहिजे. त्यापेक्षा अधिक तापले तर सिलिकेचे स्फटिक बनतात, राख गुलाबी-पांढरी दिसू लागते, आणि तिची चुन्याशी संयोग पावण्याची शक्ती जाते. अमेरिकेतील बर्कली येथे प्राध्यापक असलेले भारतीय शास्त्रज्ञ पी. कुमार मेहता यांनी 1970 नंतरच्या दशकात या राखेपासून सिमेंट बनवण्याचे मूलभूत काम केले. तांदळाच्या गिरण्यांतून तूस बॉयलरखाली जळते, त्याच्या राखेचे ढीग पुष्कळांनी पाहिले असतील. ती राख उपयोगी की निरुपयोगी, हे ती किती तापली यावर ठरते. स्फटिक झालेल्या राखेची धूळ फुप्फुसांना घातक असते, सबब अशा ढिगांवर मुलांना खेळू देऊ नये आणि काम करणाऱ्याने नाकातोंडास फडके बांधावे.

येथे ‘टाकाऊ’ या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. शहरातील माणसाला पेंढा टाकाऊ वाटतो. ज्याच्या गोठ्यात दोन बैल आहेत त्याला तो वैशाखातले अन्न वाटतो. तूस गिरणीचे सरपण आहे. कारवीही आता वाटेल तेवढी तोडता येत नाही, ती जंगलखात्याच्या अखत्यारात आहे. मग खरोखर वाया काय जाते? पेंढ्याच्या उडवीचा तळाचा, पावसाने भिजलेला थर गुरे खात नाहीत. पण अर्धवट कुजलेला तो धागा गिलाव्यासही बरा नव्हे. वाया जाते ते उसाचे पाचट, जे तोडणीनंतर शेतातच पेटवतात, घड उतरवल्यावर बांधावर फेकलेले केळीचे खांब, तुरीच्या तुराट्या, आणि नारळाची सोडणे. आपल्या भागात राब भाजण्याची चाल असल्याने पालापाचोळ्याचा एक वाटा त्यात जातोच. केळीच्या खांबातून धागा काढण्याचे काम आपल्याजवळच्या नवसारी कृषी विद्यापीठाने बरेच पुढे नेले आहे. तो धागा मुख्यत्वे कापड आणि कागद यांकडे जातो, परंतु गिलाव्यासही चालतो. काथ्याचा धागा दिसावयास जाडाभरडा, पण लिग्निन अधिक असल्यामुळे तो सर्वांत सावकाश कुजतो आणि तुटण्यापूर्वी खूप ताणला जातो. चुन्यासाठी किंवा सिमेंटसाठी धागा निवडावयाचा झाल्यास आम्ही काथ्याच सुचवू.

आता आरंभीच्या तक्रारीकडे येऊ. मातीची भिंत जमिनीतील ओल वर ओढते, पावसात थोडी भिजते, आणि ती ओल पुन्हा हवेत सोडते. हे तिचे श्वास घेणे. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा हे घेणे-सोडणे लहान प्रमाणावर नाही. तिच्या अंगावर सिमेंटचे घट्ट कातडे चढवले की ओल आत कोंडते. माती भिजून फुगते, वाळून आकसते. सिमेंट हलत नाही. दोघांच्या मधली पकड सुटते. माल जितका श्रीमंत, म्हणजे सिमेंट जितके जास्त, तितके कातडे अधिक घट्ट आणि तितकी पकड लवकर सुटते. मिस्त्रीचा उपाय रोग वाढवणारा आहे, तो असा.

तर करावयाचे काय? सुटलेले सिमेंट काढून टाकावे, भिंत एक संपूर्ण उन्हाळा उघडी ठेवून वाळू द्यावी, आणि मग भिंतीच्याच जातीचा गिलावा द्यावा. मातीची परीक्षा सोपी आहे. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोराने हलवून एक दिवस ठेवावी. तळाला रेती, मधे पोयटा आणि वर चिकणमाती असे थर बसतात. चिकणमाती एकूण थराच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी असली म्हणजे ठीक. जास्त असल्यास रेती मिसळावी. एक घनमीटर मातीस 30 ते 60 किलो कापलेला पेंढा हा अदमास धरावा. पेंढ्यात भाताचे दाणे राहू देऊ नयेत. राहिले तर दहा दिवसांनी भिंतीला हिरवे कोंब फुटतात, उंदरांस आमंत्रण जाते, आणि शेजारी हसतात ते वेगळेच. मिश्रण आठ-पंधरा दिवस आंबवावे. पहिला हात जाड, पेराएवढ्या पेंढ्याचा. दुसरा पातळ, चाळलेली माती आणि तूस यांचा. वरून चुन्याचे दोन पातळ हात द्यावेत.

चुन्याच्या गिलाव्यात काथ्याचे किंवा तागाचे इंचाच्या आतले तुकडे घालावेत, तेही मालाच्या शेकडा एक-दोन भागांपेक्षा अधिक नव्हेत. जास्त धागा घातला की त्याच्या गुठळ्या होतात, रंधा नीट फिरत नाही आणि गिलाव्यात पोकळ्या राहतात. तंतू पिंजून, थोडथोडा भुरभुरवून टाकावा. घमेल्यात मूठभर एकदम टाकणारा मजूर दिसल्यास त्यास थांबवावे.

बाहेरच्या ज्या भिंतीवर नैर्ऋत्येचा पाऊस थेट आपटतो तेथे नुसत्या मातीचा निभाव लागत नाही, हे उघडच आहे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने पेंढ्याच्या मातीत रॉकेलने पातळ केलेले डांबर मिसळून पावसाला न विरघळणारा गिलावा शोधून काढला. तो उत्तम असला तरी रंगाला काळपट होतो आणि काम करताना हात भरतात, म्हणून आमच्याकडे तो फारसा रुजला नाही. आमच्या मते त्याहून चांगला उपाय म्हणजे हातभर रुंद वळचण आणि दगडी किंवा पक्क्या विटांचे दोन फूट जोते. ज्या घराला हे दोन्ही आहेत त्याचे साधे लिंपणही अनेक वर्षे तग धरते.

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे, कारण येथे जिवाचा प्रश्न आहे. गिलाव्यातील तंतू भिंतीचे कातडे सांभाळतो, हाडे नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी माणसे मेली त्यांतील बहुतेक मातीत बांधलेल्या जाड, जड दगडी भिंतींखाली दबून मेली. आपल्या शेजारच्या डहाणू-तलासरी भागात 2018 च्या नोव्हेंबरपासून लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, घरांच्या भिंतींना भेगा गेल्या, आणि पुष्कळ कुटुंबांनी थंडीच्या रात्री अंगणात काढल्या. त्या भेगांवर पेंढामातीचा सुंदर हात फिरवून निर्धास्त झोपणे म्हणजे तापावर पावडर लावण्यासारखे आहे. भेग आरपार आहे का, कोपऱ्यातून निघाली आहे का, भिंत ओळंब्यातून सुटली आहे का, हे प्रथम पाहावे. तसे असल्यास गिलाव्याचा विचार बाजूला ठेवून अभियंत्याला बोलवावे. मातीच्या घरांना भूकंपात सुरक्षित कसे करावे यासाठी भारतीय मानक 13827 हे 1993 पासून उपलब्ध आहे. जोते, खिडक्यांचा माथा आणि छप्पर या पातळ्यांवर सर्व बाजूंनी सलग पट्टा बांधावा, हा त्यातील मुख्य भाग. या बाबतीत वारल्याच्या कुडाच्या भिंतीने पक्क्या म्हणवणाऱ्या घरांना मागे टाकले आहे. ती हलकी असते, धक्क्यात डुलते, आणि पडलीच तरी खालचा माणूस बहुधा जिवंत राहतो.

घराचे कागद करताना ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ असे दोनच रकाने असतात, आणि कच्च्या रकान्यातून पक्क्यात जाण्याची प्रत्येकाला घाई असते. ती घाई समजण्यासारखी आहे. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत भिंत कशाची हे पाहणारे लोक आहेत. आम्ही नव्या घरांच्या सिमेंटला विरोध करीत नाही. खांब, तुळया, पट्टे यांस सिमेंट आणि सळई पाहिजेच. तथापि जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनापैकी शेकडा सातआठ भाग एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून येतो, हा हिशेबही दृष्टीआड करता येत नाही. ज्या भिंतीला सिमेंटची गरज नाही, किंबहुना ज्या भिंतीचे त्याने नुकसानच होते, तिच्यावर पोत्यामागून पोती रिकामी करणे हा शुद्ध तोटा आहे.

ज्या सभासदांना या वर्षी काम काढावयाचे असेल त्यांनी भात झोडण्याच्या वेळीच पेंढा बाजूला काढून कोरड्या जागी ठेवावा. मार्गशीर्षात जुना गिलावा उतरवून भिंत उघडी करावी. माघाच्या अखेरीस माती भिजत घालावी. फाल्गुनात पहिला हात द्यावा. चैत्राच्या कडक उन्हात दिल्यास वरचा थर भराभर वाळून तडकतो, तेव्हा उन्हाच्या बाजूस गोणपाट लावून त्यावर पाणी शिंपडत राहावे. चुन्याचे हात रोहिणी नक्षत्रापूर्वी पुरे झाले पाहिजेत, म्हणजे मृगाचा पाऊस येईपर्यंत त्यांस घट्ट होण्यास पंधरा दिवस मिळतात.